समक्ष पाहिले

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामास,
तुझ्या शिक्केबाईचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरून लिहिते आहे, तेव्हा वर जावक क्रमांक शोधत बसू नकोस. सरकारी नोटीस वेगळी येईल, पिवळ्या पाकिटात. ती बघून मामीला घाम फुटू नये म्हणून आधी हे.

आमच्या परवाना शाखेत नवे साहेब आले आहेत. शेजारच्या जिल्ह्यात दरोडेखोरांकडे एक बंदूक सापडली. मालकाकडे रीतसर परवाना होता आणि तिथल्या पोलीस कार्यालयाच्या वहीत 'शस्त्र समक्ष पाहिले' अशी नोंदही होती. बंदूक मात्र त्याआधीच आठ महिने चोरांच्या घरी नांदत होती. तिथला कारकून निलंबित झाला. म्हणून साहेबांचा हुकूम आहे की १५ मार्चच्या आत प्रत्येक परवानाधारकाने आपली बंदूक घेऊन माझ्या खिडकीशी यायचं. मी नळीवरच्या नंबरावर खडू घासायचा, आकडे पांढरे उठले की भिंगातून वाचायचे आणि वहीत लिहायचे. मग चार रकाने. परवानाधारक समक्ष पाहिला, शस्त्र समक्ष पाहिले, शेरा, आणि धारकाची सही.

गेल्या वर्षी तुझा गुडघा धरला होता म्हणून तू आला नाहीस, पत्राने नंबर कळवलास. खरं तर त्याचीही गरज नव्हती. आकडे ओळखायला मी तुझ्या बंदुकीच्या नळीवरूनच शिकले, तो नंबर मला माझ्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहे. मी दोन्ही रकान्यांत 'होय' लिहिलं. वर शेराही ठोकून दिला, 'शस्त्र स्वच्छ, तेल दिलेले'. तुझी बंदूक अस्वच्छ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत न बघता केलेली ती एकच नोंद. सहीचा रकाना तेवढा कोरा ठेवला, आलास की करशील म्हणून. तू काही फिरकला नाहीस.

यंदा ये. गुडघ्याची सबब चालणार नाही. दोन घोट चहा पाजीन आणि रांगेत न उभं करता आत घेईन.

तुझी,
शिक्केबाई


८ फेब्रुवारी

चि. शिक्केबाई,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पिवळं पाकीटही मिळालं. तुझ्या पत्राची भाषा बरी होती, पाकिटाची भाषा वाचून आपण आरोपी आहोत असं वाटलं.

फोन केलास हे मामीने सांगितलं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला खरं बोलता येत नाही, तेव्हा कागदच बरा. गुडघा अजून तसाच आहे. तुझ्याकडे यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून नेणारा म्हातारा बघून अख्खी बस उतरून जाईल. त्यापेक्षा तू गेल्या वर्षीसारखंच कर. नंबर तोच आहे, बंदूक काही वाढत्या वयाची नाही. शेराही तोच लिही.

बत्तीस वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलो, एकदा कुणी माझा परवाना मागितला नाही. आता बँकेने मला काढून भिंतीवर कॅमेरा लावला, तर सगळ्या जगाला माझी बंदूक बघायची आहे. असो. मामीला खोकला आहे. आमच्या मुलाचा, तुझ्या दादाचा, पत्ता नाही, भांडून गेला तो गेलाच.

तब्येतीला जप.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

गेल्या वर्षीसारखं होणार नाही. साहेब माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. स्वतःचं भिंग आणलंय. काल एका वकिलाचं पिस्तूल बघताना त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतः घासला.  नंबर बरोबरच होता.

तुझ्या गुडघ्याची सोय केली आहे. नियमात बसतं, आजारी माणसाचं शस्त्र घरी जाऊन बघता येतं. तुमच्या चौकीचे हवालदार माझ्या ओळखीचे आहेत, भला माणूस. तेवीस तारखेला सकाळी येतील, पाच मिनिटांचं काम. बंदूक दाखव, वहीच्या प्रतीवर सही कर, झालं. मामीला सांग, काही खायला घालायच्या भानगडीत पडू नकोस, ते पथ्यावर आहेत.

तुझी


१६ फेब्रुवारी

चि. शिक्केबाई,

घरी कोणाला पाठवू नकोस. खाकी कपडे दारात उभे राहिले की गल्ली काय काय बोलेल ते तुला माहीत नाही. हवालदार आला तर मी दार उघडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

बंदूक घरी नाहीच मुळी. लाकडी दस्ता तडकला होता, म्हणून बाजारातल्या बंदूकवाल्याकडे दुरुस्तीला टाकली आहे. त्याला वेळ लागेल. ती आली की कळवतो.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

हवालदारांना थांबवलं आहे. आता तू खरं सांग.

तुझ्या गावातल्या बंदूकवाल्यालाही परवाना लागतो आणि तो कोण देतं? ही तुझी भाची देते. त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक शस्त्राची यादी दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या टेबलावर पडते. मी गेल्या चौदा महिन्यांच्या याद्या काढून बसले. तुझी बंदूक एकाही यादीत नाही. तू मला आयुष्यात खोटं सांगितलेलं मला आठवत नाही. दुसरी बस चुकली म्हणून शाळेत न्यायला उशीर झाला, हेसुद्धा तू खरंच सांगायचास.

परवा साहेबांनी जुनी वही मागितली. चारशे ओळींत एकच सही नाही. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि नुसतं विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "आजारी आहेत, सही राहिली." ते म्हणाले, "मग सही राहिली की माणूस?"  त्यांनी वही बंद केली आणि आपल्या कपाटात ठेवली. तेव्हापासून मला धड झोप नाही.

दादाने नेली ना? तो गेला गेल्या हिवाळ्यात आणि बंदूक दाखव म्हटलं की तुझा गुडघा दुखतो तोही तेव्हापासूनच. विकली असेल त्याने, कोणत्या हातात असेल देव जाणे. तू त्याला पाठीशी घालतो आहेस आणि मी तुला. उद्या त्या बंदुकीने कुणाचा जीव गेला तर वहीत माझं अक्षर आहे, मामा. 'शस्त्र स्वच्छ, तेल दिलेले.' मला स्वतःचीच लाज वाटते.

मला पंधरा मार्चच्या आत उत्तर दे. तू दिलं नाहीस तर मी साहेबांना सांगून मोकळी होईन.

भाची


२५ फेब्रुवारी

चि. भाचीस,

दादाचं नाव पुन्हा काढू नकोस. माझा मुलगा उर्मट आहे, चोर नाही. तो गेला तेव्हा माझं घड्याळसुद्धा काढून टेबलावर ठेवून गेला, जे मीच त्याला दिलं होतं.

बंदूक हरवली. मी हरवली. तू असं लिही की पडताळणीला आणताना बसमध्ये राहिली. तुझं उत्तर आलं की मी चौकीत जाऊन तशी तक्रार देतो. आणि तुझ्या साहेबांचं कपाट उघडं मिळालं तर गेल्या वर्षीच्या रकान्यात सही करून टाकतो, म्हणजे त्या ओळीचा प्रश्न मिटला. गुन्हा काय व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. माझं काय आता, दंड भरीन, नाहीतर दोन महिने आत जाऊन बसेन. तिथेही दाराशी कोणीतरी उभं असतंच, ओळखीचं काम आहे.

एवढंच ऐक. मामीला यातलं काही विचारू नकोस. तिला फोनही करू नकोस.

मामा


२७ फेब्रुवारी

चि. बाळास,
मामीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुझी पत्रं ह्यांनी बंदुकीच्या कपाटात ठेवली होती. त्या कपाटात आता जुन्या वर्तमानपत्रांशिवाय फारसं काही नाहीच, म्हणून दिसली. वाचायला नको होती, पण वाचली.

बंदूक दादाने नेली नाही. मी नेली.

बँकेने घरी बसवल्यावर हे रोज सकाळी गणवेशाला इस्त्री करायचे. दहा वाजता आपल्याच दारात खुर्ची टाकून बसायचे, साडेपाचला उठायचे. आधी मी हसायचे. मग बोलणं कमी झालं. दादाशी भांडण झालं तेही त्याचंच, तो म्हणाला कुठेतरी दुसरं काम बघा, आणि ह्यांना ते लागलं. जेवण अर्ध्यावर आलं. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार, माणूस गप्प बसतो हा काही आजार आहे का, असं वाटायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत एका दुपारी मी शिवलेले कपडे द्यायला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. हे मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बंदूक मांडीवर. मला बघून म्हणाले, "साफ करतोय."

बाळ, मी ह्यांना बत्तीस वर्षं बंदूक साफ करताना बघितलं आहे. खाली वर्तमानपत्र अंथरल्याशिवाय हे कधी बसले नाहीत. तेलाची बाटली उजव्या हाताला, फडकं डाव्या. त्या दिवशी जमिनीवर कागद नव्हता. बाटली कपाटातच होती. काडतुसांचा डबा तेवढा उघडा होता.

मी म्हणाले, "चहा टाकते." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. 

दुसऱ्या दिवशी हे केस कापायला गेले तेव्हा मी बंदूक गादीच्या खोळीत घातली, डबाही घातला आणि बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर गेले. तिथे पाणी खोल आहे. टाकून दिली. वाटेत शेजारीण भेटली, म्हणाली काय नेताय, मी म्हणाले पिंजायला कापूस. माझ्या तोंडून एवढं सरळ खोटं कसं आलं ते माझं मला कळलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी कपाट उघडलं. बंद केलं. जेवायला बसले. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेरा महिने झाले, आम्ही दोघं त्या कपाटाला वळसा घालून चालतो. पण हे आहेत, बाळ. कमी बोलतात, पण आहेत.

तू म्हणशील ते करते. चौकीत येते, कोर्टात येते. फक्त ती बंदूक वर काढून परत ह्यांच्या हाती द्यायला सांगू नकोस. तेवढं मी होऊ देणार नाही, तुझे साहेब स्वतः आले तरी.

मामी


३ मार्च

मामी,

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्याने वाचलं आणि मग पायरीवर बसले. खूप रडले. आधी तुझ्यासाठी, मग मामासाठी, आणि नंतर मला माझीच तारीख आठवली.

तू बंदूक पाण्यात टाकलीस गेल्या जानेवारीत. मी 'परवानाधारक समक्ष पाहिला, होय' असं लिहिलं मार्चमध्ये. मामी, मी जर तेव्हा हट्ट धरून त्याला खिडकीशी बोलावलं असतं, तर बंदूक नाही हे त्याच दिवशी कळलं असतं. ते जाऊ दे. तो माझ्यासमोर उभा राहिला असता. दोन हातांवरून मी त्याचा चेहरा बघितला असता. ज्या माणसाने मला वाढवलं त्याच्याबद्दल मी शिक्का मारून लिहून दिलं की मी त्याला बघितलं, आणि मी त्याला सात महिने बघितलं नव्हतं. बंदुकीची नोंद खोटी होती हा गुन्हा आहेच. पण मला माणसाचा रकाना जास्त खातो आहे.

सही मागच्या तारखेने घ्यायची नाही, बसमध्ये हरवली असंही सांगायचं नाही. मी आज साहेबांना सगळं लेखी दिलं. माझी नोंद, तुझी खाण, मामाची खुर्ची. सगळं. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं आता वर फोन लावतील. त्यांनी विचारलं, "मामा आज कुठे आहेत?" मी म्हणाले, घरी. "एकटे?" मी म्हणाले, मामी असते. मग ते म्हणाले, "बंदूक पाण्यात आहे, ती कुठे जात नाही. आधी माणसाला आणा."

चौकशी होईल. तुझा जबाब घेतील, शस्त्राची विल्हेवाट लावली म्हणून तुझ्यावर कलम लागू शकतं. मी तुला फसवत नाही, लागू शकतं. माझ्यावर तर लागेलच. तुला भीती वाटत असेल तर मलाही वाटते आहे.

पण मामाला तू सांग. कागदातून नको, कपाटात ठेवून नको. समोर बसून सांग. आणि त्याला घेऊन ये, रिकाम्या हाताने. इथल्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची एक डॉक्टरीण आहे, परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यांवर तिची सही असते म्हणून मी ओळखते. तिची वेळ घेतली आहे, अकरा तारखेला दुपारी. पडताळणीही त्याच दिवशी करू.

दादाची मी माफी मागणार आहे. त्याचा पत्ता मला मिळाला आहे.

तुझी


२४ मार्च

चि. शिक्केबाई,
आशीर्वाद.

आता ते नाव बदलावं लागेल म्हणा. तुझा शिक्का काढून घेतला आणि तुला तळघरात जुन्या फायलींत बसवलं, हे हवालदाराने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. चौकशीचा निकाल लागेपर्यंत खिडकी बंद. माझ्यामुळे झालं. 

अठरा तारखेला बंदूक निघाली. दोन पाणबुडे आले होते, अख्खी गल्ली आ वासून खाणीच्या काठावर. मी गेलो नाही. मामी गेली, तिलाच जागा दाखवायची होती. म्हणाली, गंजून लाल झाली आहे, ओळखू येत नाही. मला वाटलं होतं ऐकून काहीतरी तुटेल आत. तुटलं नाही. मी परवाना जमा केला आणि पावती घेतली. मामीचा खटला पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतो दंडावर भागेल, पण वकील काय, म्हणतातच. ती म्हणते, भागलं नाही तरी चालेल.

तिने मला सांगायला सुरुवात केली तेव्हा मी म्हणालो, "मला माहीत आहे." तिला धक्का बसला. मला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. कपाटात माझा वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा, तो चोराने काढून बंदूक नेली असती तर विस्कटला असता. तो नीट रचून ठेवला होता. चोर रचून ठेवत नाही. बत्तीस वर्षं पहारा केलाय, एवढं कळतं.

आणि ते कळल्यावर मला राग आला नाही, पोरी. मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी बघितलं होतं. पण ते कबूल करायचं म्हणजे तिने काय बघितलं तेही कबूल करायचं, आणि त्याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. म्हणून गुडघा, म्हणून दस्ता, म्हणून बस. तुझी नोकरी पणाला लागली तरी माझी जीभ उचलेना. याची माफी तू देशील, पण मी मागायला हवी. मागतो.

डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. दर बुधवारी बोलवतात आणि नुसतं बोलायला लावतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या दाराचं कुलूप कसं कच्चं आहे त्यावर अर्धा तास बोललो. दुसऱ्या बुधवारी दुसरं बोललो. दादा आणायला आला होता. फारसा बोलला नाही, पण बाहेर बाकावर थांबला होता.

एक गोष्ट तुला माहीत नाही. अकरा तारखेला मी तुझ्या खिडकीशी उभा होतो तेव्हा तुझे साहेब मागे होते आणि तू मान खाली घालून लिहीत होतीस. तुला वाटलं मला दिसत नाही. बँकेच्या दारात उभा राहून मी माणसं काउंटरवर काय लिहितात ते उलट बाजूने वाचायला शिकलो आहे. तू 'शस्त्र समक्ष पाहिले' याच्यापुढे 'नाही' लिहिलंस, चटकन. मग 'परवानाधारक समक्ष पाहिला' याच्यापाशी थांबलीस. मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. किती वेळ, ते तुला माहीत नसेल. मागे रांगेतला एक जण खाकरला तरी तू बघत होतीस. मी दाढी करून आलो होतो, तरी मला वाटलं तुला सगळं दिसतंय. मग तू 'होय' लिहिलंस. आणि शेऱ्यात लिहिलंस, 'बारीक झाले आहेत. पत्नी सोबत.'

साहेब वाकून म्हणाले, "हा कसला शेरा?" तू म्हणालीस, "खरा आहे." त्यांनी काही खोडलं नाही. तुझा हा खिडकीवरचा शेवटचा दिवस, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सही केली, तुझ्या हाताला शाई लागली होती, आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

माझा परवाना आता नाही, तेव्हा पिवळं पाकीट येणार नाही. तरी पुढच्या वर्षी अकरा मार्चला मी तुझ्याकडे येणार आहे, तू खिडकीत असलीस तर खिडकीशी, तळघरात असलीस तर तळघरात. दाखवायला बरोबर काही नसेल. तू नुसतं नीट बघ.

तुझा,
मामा